कडूबाच्या हातचा घास

वरवट बकालच्या स्टँडवर कडूबा येऊन बसला की शेजारचा माणूस चहाचा कप उचलून दुसऱ्या बाकावर जायचा. कडूबाला त्याचं वाईट वाटत नसे. उलट तो मांडी ठोकून म्हणायचा, "माया बाजूले बसाले कलेजा लागते बे."

बावीस वर्षं तो लोकांच्या शेतात औषध फवारत होता. त्याचा वास अंगात मुरला होता, कपड्यांत होता, घरातल्या गोधडीत होता. बीटी कपाशी आली तेव्हा बियाण्याच्या दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, आता फवारणी विसरा. त्या साली पुष्पाबाई, म्हणजे कडूबाची बायको, धसकली होती की नवऱ्याच्या हाताचं काम जातं. गेलं कुठं? आधी तुडतुडे आले, मग पांढरी माशी आली, आणि सतरा सालच्या हंगामात गुलाबी अळी थेट बोंडात शिरली. दुकानदाराचा आवाज तेवढाच राहिला, फक्त आता तो दुसरे डबे दाखवत होता. कडूबाचं काम दुप्पट झालं.

त्याची काम करायची तऱ्हा सगळ्या तालुक्यात ठाऊक होती. बादलीत औषध ओतायचं, पाणी सोडायचं, आणि बाही वर करून कोपरापर्यंत हात घालून ढवळायचं. काडीनं ढवळणाऱ्याला तो हसायचा. "काडी कायले? देवानं हात देला ना." पंपाचं नोझल तुंबलं की काढायचं, तोंडाला लावून फुंकायचं, थुंकायचं आणि पुन्हा बसवायचं. डब्यावरच्या विषाच्या लाल त्रिकोणाकडं त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. यवतमाळकडं फवारणीची माणसं दवाखान्यात मेल्याच्या बातम्या त्याच हंगामात रोज येत होत्या. हॉटेलात कुणी पेपर वाचून दाखवला की कडूबा म्हणायचा, "कच्चे असतीन." हे बोलताना त्याच्या हातातली बशी वाजत असायची, पण ते त्याला कुणी सांगत नसे. कडूबाला कोण सांगणार? सांगणाऱ्याच्या अंगावर जायचा तो.

फक्त एकदा तो गप्प झाला होता. मुलगी काजल वडनेर भोलजीला दिली होती. ती पहिलं लेकरू घेऊन माहेरी आली. कडूबानं हात पुढं केले, आणि काजलनं लेकरू छातीशी ओढलं. "बाबा, आधी आंघोळ करून या." तो आंघोळ करून आला. तिनं लेकराच्या अंगाला नाक लावावं तसं बापाच्या हाताला नाक लावलं आणि म्हणाली, "राहू द्या. झोपलं आता ते." लेकरू टक्क जागं होतं.

मांजराचं पिल्लू त्याच पावसाळ्यात सापडलं. गोठ्याला लागून चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या ढिगात मांजर व्याली होती. कुत्र्यांनी तिला फाडलं. कडूबा पऱ्हाटी ओढायला गेला तेव्हा तीन पिल्लं मेलेली आणि एक जिवंत, करड्या रंगाचं, अंगावर लव असलेलं. कपाशीच्या बीसारखं दिसलं म्हणून त्यानं तिला सरकी म्हटलं.

दूध पाजलं तर ती तीन दिवस हगली. दुधात भाकर कुस्करली तर तिनं तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी कडूबानं गोठ्यात एक उंदीर ठेचला आणि सहज तिच्यापुढं टाकला. एवढंसं ते पिल्लू, मुठीत मावेल असं. पण उंदरावर पाय देऊन उभं राहिलं आणि कडूबाकडं पाहून गुरगुरलं. कडूबाला ते फार पटलं. "पाह्य वं पुष्पे, हे कोणाच्या बापाले भेत नाई."

पुष्पाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. ती दारातूनच म्हणाली, "मांस-मच्छी उंबऱ्याच्या आत आली तर मी काजलकडं निघून जाईन. सांगून ठेवते."

"आत कोण आणून राह्यलं? गोठ्यात खाईल ते."

"आन तुमच्यासंगं गोठ्यातच ऱ्हाईल. दोघांचा वास एकच."

कडूबाचा दिवस मग सरकीच्या पोटाभोवती फिरू लागला. तिचं पोट लहान, एकदम खायची नाही. दिवसातून चारदा थोडं थोडं लागायचं. पहाटे साडेपाचला गोठ्यात पहिला घास. सातला तो पंप पाठीला लावून निघायचा. एकपर्यंत फवारणी, मग विहिरीवर साबण लावून आंघोळ, तीन वाजता दुसरा घास. सहाला तिसरा, निजायच्या आधी चौथा. कोंबडीची कलेजी, पेटा, कधी मान. सगळं कच्चं. शिजवलेलं तिनं एकदा हुंगलं आणि त्यावर माती ओढली. थाळीतलंही ती खात नसे. कडूबाच्या बोटांवरूनच खायची आणि खाऊन झालं की बोटं चाटायची, एकेक बोट, पेरापेरापर्यंत. त्या गावात कडूबाच्या हाताला स्वतः होऊन तोंड लावणारा तेवढा एकच जीव होता. तो हे कुणाला बोलला नाही. पण एरवी सहाला हॉटेलात जाणारा माणूस सहाला गोठ्यात जाऊ लागला.

कलेजी मात्र अन्वरकडून आणावी लागायची, आणि तिथं गाठ होती.

स्टँडला लागून अन्वरचं कोंबडीचं दुकान. मागं घर. दुकानावर तो आणि त्याची बायको नूरजहां. दोन वर्षांपूर्वी अन्वरची गाभण बकरी महादेवरावाच्या कपाशीजवळच्या नाल्यात पाणी प्यायली आणि तिथंच तोंडाला फेस येऊन पडली. त्या सकाळी त्या शेतात कडूबा फवारत होता. अन्वर विचारायला आला तेव्हा कडूबानं चारचौघांत त्याला उडवून लावलं, "तुई बकरीच रोगट होती. माया औषधावर कायले आळ घेतं?" महादेवराव चाळीस एकरांचा धनी, तोही म्हणाला, बकरी रोगट होती. मग ती रोगटच ठरली. तेव्हापासून अन्वर कडूबाशी बोलत नव्हता. कलेजी द्यायला नूरजहां पुढं यायची, आणि ती बोलायची ते न बोलल्यापेक्षा वाईट.

"काय पायजे?"

"कलेजी. पेटा. बारीक करून."

"खानाऱ्याले दात नाईत का?"

"खानारी लहान हाये."

"मंग तिले वेळेवर पाठवत जाय. तू उभा राह्यला की गिऱ्हाईक नाक धरते."

रोज संध्याकाळी कडूबा पुडकं घ्यायचा आणि दुकानापुढं जरा जास्तच वेळ उभा राहायचा, मुद्दाम.

त्या गुरुवारी सकाळचं सगळंच बिघडलं. आदल्या संध्याकाळची कलेजी ओल्या गोणपाटात गुंडाळून टांगली होती, तिला मुंग्या लागल्या. पहाटे सरकी उपाशी राहिली. सातला महादेवराव बांधावर उभाच होता.

"कडूबा, आज दोन टाइम मारायचं. सकाळी वरचं वावर, दुपारी खालचं. अळी बोंडात शिरून राह्यली आन तू मांजर खेळवून राह्यला म्हणे."

"एका दिवसात दोन टाइम कधी मारलं का आपण?"

"दुकानदारानं सांगतलं. दोन डबे एका बादलीत. आन मात्रा जरा वरच ठेव."

कडूबानं दोन्ही डबे ओतले. पिवळट साय आली. हात घातला, ढवळलं. त्या दिवशी वारा उलटा होता आणि दोनदा नोझल तुंबलं.

एक वाजता सुटी झाली ती तासाभराची. आंघोळ करून काय उपयोग, पुन्हा त्यातच जायचं होतं. विहिरीवर वीजही नव्हती. त्यानं कॅनमधल्या पाण्यानं हात ओले केले, दुपट्ट्याला पुसले आणि तडक अन्वरच्या दुकानावर गेला. नूरजहांनं कलेजीचं पुडकं फळीवर टाकलं. "आज दुपारी कसं काय?"

"तुले काय करायचं?"

गोठ्यात सरकी भुकेनं ओरडत होती. कडूबा उकिडवा बसला. अर्धी कलेजी पुडक्यात तशीच राहू दिली, अर्धी बाहेर काढली आणि बोटांवर एकेक तुकडा धरला. तिनं हावऱ्यासारखं खाल्लं. मग बोटं चाटली. मग तळवा, मग मनगट. तिची जीभ खरखरीत, लहान. कडूबा भिंतीला टेकून पाहत राहिला. पाहता पाहता त्याचा डोळा लागला.

जाग आली ती खुडबुडीनं. सरकी कडबा खाजवत असेल असं त्याला वाटलं. ती आडवी पडून पाय झाडत होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. अंग थरथरत होतं, आणि डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

कडूबाला एका क्षणात सगळं कळलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. दोन वर्षं अन्वर गप्प होता, ते उगाच नव्हतं. बकरीचं उट्टं त्यानं मांजरावर काढलं. दुपारची वेळ, नेहमीची नव्हे, आणि नूरजहां विचारते, आज दुपारी कसं काय. त्यानं सरकीला टोपल्यात टाकलं, उरलेलं पुडकं मुठीत घेतलं आणि स्टँडकडं निघाला.

"अन्वर, बाहेर ये."

अन्वर हातात सुरी घेऊन बाहेर आला, कारण तो कोंबडी कापत होता. पाहणाऱ्यांना सुरीच दिसली.

"कलेजीत जहर घातलं तू. पाह्य हे. बकरीचा बदला मांजरावर काढतं का बे? हिंमत होती तर मले घालायचं."

"कोणं घातलं जहर?" दोन वर्षांत अन्वर पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. "डोकं फिरलं का तुयं?"

हॉटेलातून रंगराव उठून आला. गळ्यात संघटनेचा पट्टा, मागं चार पोरं. तो वर्षभर अशाच कारणाची वाट पाहत होता. "मी कवाचं सांगून राह्यलो, त्याईच्या दुकानातून घेऊ नका. आज मांजर, उद्या माणूस. दुकान बंद कर रे."

"तू मधी कायले येतं?" कडूबा त्याच्यावर खेकसला. रंगराव त्याला कधीच आवडला नव्हता. पण तेवढ्यात गर्दी झाली होती, आणि गर्दीत आपण एकटे नाही हे कडूबाला बरंही वाटलं. त्यानं हातातलं पुडकं फळीवर आदळलं. ते फळीवरून घसरलं, खाली पडलं, फुटलं.

स्टँडवरचं भुरं कुत्रं फळीखालीच बसलेलं असायचं. त्यानं कलेजी खाल्ली आणि कागदही चाटून घेतला.

मग नूरजहां पदर खोचून पुढं आली.

"खाल्लं न त्यानं? सारं खाल्लं? मंग आता बसा सारे. मरते का पाहू."

खरंच लोक थांबले. शेगावची गाडी आली, दोन बाया उतरल्या, काय झालं म्हणून विचारून त्याही थांबल्या. गाडी गेली. कुत्रं अंग ताणून उठलं, फळीखाली गेलं, परत आलं आणि नूरजहांकडं पाहून शेपटी हलवायला लागलं. मागून कुणीतरी हसलं.

"कुत्र्याले काय होते," रंगराव म्हणाला. "गटार पिते ते."

"मंग तुमी खा, रंगरावभाऊ. त्याच कोंबडीचं अजून हाये आत. आणू का?"

रंगरावानं पट्टा नीट केला.

अन्वरनं सुरी फळीवर ठेवली, हात धुतले आणि मोटरसायकलला किक मारली. "बस मागं," तो कडूबाला म्हणाला. "ढोराच्या डॉक्टरीणबाईकडं चाल. माया कलेजीत जहर निघालं तर ह्याच चौकात मी दुकानाले कुलूप लावतो. मले तिच्या तोंडून ऐकायचं हाये."

"मी येत नाई तुया गाडीवर."

"तू इथं भांडून राह्यला अन् ते टोपल्यात मरून राह्यलं," नूरजहां म्हणाली. "बस ना बे."

कडूबा बसला. रंगरावही साक्षीला म्हणून आपल्या गाडीवर मागं आला. वाटेत अन्वर खड्डे चुकवत नव्हता. टोपलं उडालं की कडूबा त्याच्या मानेमागं शिव्या घालत होता.

डॉक्टरीणबाई लोणारकडच्या, नव्या, वयानं काजलएवढ्या. त्यांनी सरकीची पापणी वर केली, लाळ पाहिली, तोंडाला नाक लावलं आणि लगेच औषध भरून सुई टोचली. मग साबणाचं पाणी करून तिचे पंजे आणि तोंड पुसून काढलं. कडूबा मधेच बोलायला लागला, कलेजी, जहर, अन्वर. बाईंनी वर पाहिलंच नाही.

"फवारणी कोण करतं?"

"मी. पण त्याचा काय..."

"हात दाखवा."

"हात कायले?"

"दाखवा म्हणते ना."

कडूबानं हात पुढं केले. नखांच्या कडा पिवळ्या होत्या, कातडी भेगाळलेली. बाईंनी वास घेतला आणि तोंड मागं घेतलं, अगदी काजलसारखं.

"हातानंच चारलं का?"

"तिले थाळीत चालत नाई."

"हात कशानं धुतले होते?"

"पाण्यानं."

"साबण?"

कडूबानं नजर टोपल्याकडं वळवली.

"हे मांसातलं नाही. कपाशीवर मारता ते आहे. तुम्ही चारलं तेव्हा तिनं तुमचा हात चाटला. हिचं वजन किती, अर्धा किलो. हिला तेवढं पुरे झालं." मग त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "तुमचे हात कधीपासून थरथरतात?"

"माये हात थरथरत नाईत."

ते थरथरत होते. दारात उभा असलेला रंगराव पाहत होता. थोड्या वेळानं त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"आजची रात्र आणि उद्याचा दिवस काढला तर जगेल," बाई म्हणाल्या. "अंगात ताकद नाही, उपाशी राहून चालायचं नाही. जे खाते तेच द्या, ताजं, थोडं थोडं. पण तुमच्या हातानं नको. तुमच्या हातून, कपड्यांतून पुन्हा जाईल. घरात दुसरं कोणी असेल त्यांना सांगा. आणि तुम्हीही मोठ्या दवाखान्यात जाऊन या."

बाहेर आल्यावर अन्वर म्हणाला, "ऐकलं का बे?"

"ऐकलं."

"आता बकरीचं बोल."

कडूबानं टोपलं काखेत मारलं आणि पायी निघाला. तीन किलोमीटर तो पायीच आला. महादेवरावाकडं दुपारच्या फवारणीला गेलाच नाही.

पुष्पाबाईनं ऐकून घेतलं. "मी माळ घातली हाये. कलेजीले हात लावू? लोकांची पोरंबाळं तुमच्यापासून लांब ठेवता ठेवता मी थकली, आता मांजरासाठी माळ तोडू?"

"मरते ती."

"मंग तवा हात धुवायचे होते."

हे तिनं ओरडून म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. कडूबानं साबण घेतला. साबणानं धुतले, मग राखेनं, मग मातीनं, पुन्हा साबणानं. नाकाशी नेले. वास होताच. बावीस वर्षांचा वास एका वडीनं जाणार होता का? संध्याकाळी त्यानं लांब पळीत कलेजी ठेवून पुढं केली. सरकीनं तोंड फिरवलं. पळीच्या मागं त्याचा हात होता, तिला तो कळला. ती लटपटत उठली, पोट जमिनीला घासत त्याच्या बोटांकडं यायला लागली. कडूबा मागं सरला. ती आणखी आली. शेवटी त्यानं पऱ्हाटीची काडी उचलली आणि काडीनं तिला मागं ढकललं. ती पुन्हा आली. त्यानं पुन्हा ढकललं. चौथ्या खेपेला ती तिथंच पडून राहिली आणि काडीलाच चाटायला लागली.

कडूबानं काडी भिंतीवर फेकून मारली.

सकाळी तो टोपलं घेऊन अन्वरच्या दुकानावर गेला. नूरजहां फळी पुसत होती.

"चार दिवस हिले चारायचं. चारदा. तुया हातानं."

"माया हातात तर जहर हाये ना?"

"डॉक्टरीण बोलली, तुयं नोतं."

"माया कानात काय बोलतं? काल कोणाच्या कानात बोलला होता? अर्ध्या गावापुढं बोलला. रंगराव दुकान बंद करून राह्यला होता, माये लेकरं घरात होते." तिनं फडकं पिळलं. "चारते मी. पण पाच वाजता, गाडीच्या टायमाले, याच चौकात, तेवढ्याच आवाजात जे बोलला ते माघारी घेशील तर. आन बकरीचंबी."

"बकरीचं कायले?"

"तिच्या पोटात दोन होते म्हणून."

"मी कोणापुढं नाक घासत नाई."

"मंग जाय घेऊन."

तो घेऊन गेला. दिवसभर गोठ्यात बसला. महादेवरावानं दोनदा निरोप धाडला, त्यानं निरोप आणणाऱ्याला शिव्या दिल्या. सरकीचं अंग थंड व्हायला लागलं होतं. दुपारी तिनं गुरगुरणं सोडलं. इतके दिवस ती भुकेली असली तरी आधी त्याच्यावर गुरगुरायची, मग खायची. ते गुरगुरणं ऐकू येईना, तसं कडूबाला गोठ्यात बसवेना.

पाच वाजता स्टँड भरलेला होता. हॉटेलात रंगराव होता. महादेवरावही होता, कडूबाच्याच शोधात आलेला. कडूबा टोपलं घेऊन मधोमध उभा राहिला.

"ऐका बे सारे. काल म्या म्हणलं, अन्वरनं जहर घातलं. ते जहर मायं. माया हाताचं. अन्वरच्या दुकानाचं नोतं."

"मोठ्यानं," दुकानातून नूरजहां म्हणाली.

"मोठ्यानंच बोलून राह्यलो. आन बकरी. बकरी रोगट नोती. म्या त्या दिवशी पंप धुतला, उरलेलं औषध नाल्याच्या डबक्यात सांडलं, तेच ती प्याली. मले माहीत होतं. तवाबी माहीत होतं."

"कडूबा," महादेवराव खुर्चीवरून म्हणाला, "शेत मायं होतं ते. तोंड सांभाळून बोल."

"शेत तुमचं, हात माया. उरलेलं नाल्यात टाक, हे कोणं सांगतलं होतं? बकरी रोगट म्हण, हे कोणं सांगतलं होतं?"

महादेवरावानं पान थुंकलं. "एका मांजरासाठी येडा झाला तू. उद्या सकाळी फवारा हाये. येतं का दुसरा पाहू?"

"हाताचे मोजे आणा, तोंडाचा कपडा आणा, चष्मा आणा. मंग बोलवा. मी आता हातानं ढवळत नाई."

"बाई झाला का?"

"तुमी या ना ढवळाले. पाहू कोण बाई हाये ते."

"दुसरा पाहतो मी."

"पाहा."

रंगराव काहीतरी पुटपुटला. कडूबानं त्याच्याकडं वळून पाहिलं. "तू तर बोलूच नको बे. काल दारातून पळाला तो."

अन्वर फळीमागून सगळं पाहत होता. कडूबा जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "माफ केलं असं समजू नको."

"माफी मांगतली कोणं?"

नूरजहांनं टोपलं ओढून घेतलं. सरकीला तिनं मानेला धरून उचललं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि कलेजीचा हरभऱ्याएवढा तुकडा बोटावर धरला. सरकीनं हुंगलं. अनोळखी बोट होतं. तिनं मान वळवली, कडूबाच्या दिशेनं.

"मागं हो," नूरजहां म्हणाली. "वास येते तिले तुया. अजून मागं. हातबी मागं घे."

कडूबा चार पावलं मागं गेला आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. शेगावची गाडी येऊन लागली, लोक त्याच्या बाजूनं चढले-उतरले. तो हलला नाही. बऱ्याच वेळानं दुकानातून एक बारीक गुरगुर ऐकू आली, नूरजहांच्या बोटावरची.

"खाते," नूरजहां म्हणाली. "चावतेबी. तुयाच वळणावर गेली."

"रात्री इथंच ठेव. सकाळी दुकान किती वाजता उघडतं?"

"आठ."

"ती साडेपाचले उठते."

"मंग तिले सांग, आठले उठत जाय."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला नूरजहांनं तोंडातल्या तोंडात बडबडत मागचं दार उघडलं. पायरीवर कडूबा बसला होता. अंगावर धुतलेला सदरा होता आणि दोन्ही हात काखेत गच्च दाबलेले.

"मी शिवत नाई," तो म्हणाला. "फक्त पाहतो."

"पाहायचं ते लांबून," नूरजहां म्हणाली आणि तिनं कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यातून सरकीला बाहेर काढलं.